ऊब आणि हवा



रात्रीचे आठ वाजून गेले तरी या सभागृहाच्या भिंती अजून तापलेल्या आहेत. दुपारी रस्त्यावर अनवाणी पाय ठेववत नव्हता. अशा दिवसांत हिवाळ्यावर बोलायला उभा राहिलेला माणूस पाहून आपणांपैकी काहींना हसू आले असेल. विषय कळविला तेव्हा चालकांनीही मला विचारले, “गुरुजी, चुकून तर दिला नाहीत ना?” मी म्हटले, मुद्दामच दिला आहे. आपल्याकडे पापड-कुरडया उन्हाळ्यात होतात, वर्षाचे धान्य उन्हाळ्यात भरले जाते, धाबे पावसाळ्याच्या आधी लिंपले जाते. ज्या ऋतूची तयारी करावयाची, तो दारात उभा राहिल्यावर ती सुरू करणे म्हणजे तहान लागल्यावर विहीर खणणे होय. पावसाळ्याची तयारी आपण करतो. हिवाळ्याची मात्र कोणी करीत नाही, कारण खान्देशात हिवाळा हा त्रासाचा ऋतू आहे असे आपण मानीतच नाही. आपल्याला भीती उन्हाची. हिवाळा म्हणजे भरीत, भाकरी, शेकोटी आणि गप्पा!

हिवाळ्याच्या या आनंदावर विरजण घालावे असा माझा हेतू नाही. मी डॉक्टर नव्हे, वैद्यही नव्हे. जन्मभर शाळेत पदार्थविज्ञान आणि रसायन शिकविले, एवढाच माझा अधिकार. त्या अधिकारात मला आज एकच गोष्ट सांगावयाची आहे. थंडीच्या दिवसांत घरात ऊब हवी, पण ऊब मिळविताना आपण हवा गमावून बसतो आणि कधी कधी त्यापायी माणूसही गमावतो. ही गोष्ट माझ्या घरात घडलेली आहे. म्हणून ती सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

प्रथम आपल्या थंडीचा विचार करू. जळगाव समुद्रसपाटीपासून सुमारे दोनशे मीटर उंचीवर आहे, महाबळेश्वर साडेतेराशे मीटरच्या घरात. तरीही दर हिवाळ्यात काही दिवस असे येतात की पहाटेचे तापमान महाबळेश्वरापेक्षा आपल्याकडे खाली असते. धुळ्याच्या कृषी महाविद्यालयात घेतलेली नोंद वृत्तपत्रांत येते. ती कधी आठ अंश असते, कधी सहा, आणि एखाद्या वर्षी त्याहूनही खाली जाते. सातपुड्यात तोरणमाळला किंवा अक्कलकुवा तालुक्यातील डाबला पहाटे गवतावरचे दव गोठते. हे असे का व्हावे? हिमालयात बर्फ पडले की उत्तरेकडून कोरडे, गार वारे वाहू लागतात. मुंबईला समुद्र सांभाळून घेतो. आपल्याला सांभाळणारे कोणी नाही. त्यात आपले आकाश स्वच्छ आणि हवा कोरडी. ढग हे जमिनीचे पांघरूण आहे. ते नसले म्हणजे दिवसभर तापलेली जमीन रात्री आपली उष्णता मोकळ्या आकाशात टाकून देते, आणि गार झालेली जड हवा तापीच्या खोऱ्यात तळाशी साचते. म्हणून डिसेंबर-जानेवारीत दुपारी आपल्याकडे एकोणतीस-तीस अंश आणि पहाटे दहा-बारा, असा अठरा-वीस अंशांचा हेलकावा एका दिवसात होतो.

हा हेलकावाच आपल्याला फसवितो. दुपारी सदरा काढून ठेवावासा वाटतो, मग पहाटेची तयारी कोण करणार? हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे मैदानी प्रदेशात किमान तापमान १० अंश किंवा त्याखाली गेले आणि ते नेहमीच्या सरासरीहून साडेचार अंशांनी उतरले, म्हणजे थंडीची लाट आली असे समजावे. परंतु लाट आली तरच थंडी बाधते, ही समजूत खोटी आहे. २०१५ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात १३ देशांतील ७ कोटी ४० लाखांहून अधिक मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात थंडीकडे बोट दाखविणारे मृत्यू ७.२९ टक्के निघाले आणि उष्म्याकडे दाखविणारे ०.४२ टक्के. त्यांतही कडाक्याच्या थंडीचा वाटा लहान आणि बेताच्या, रोजच्या थंडीचा मोठा होता. त्या तेरा देशांत भारत नव्हता. पण २०१८ साली भारतातील मृत्यूंच्या नोंदींवरून झालेल्या अभ्यासातही बेताच्या थंडीचाच वाटा सर्वांत मोठा दिसला. उष्माघाताने माणूस रस्त्यात कोसळतो, ते चारचौघांना दिसते. थंडी कोणाला रस्त्यात पाडीत नाही. ती म्हाताऱ्याच्या छातीत बसते, रक्तदाब चढविते, दमेकऱ्याचा दमा वाढविते. आणि आठ दिवसांनी माणूस जातो तेव्हा कागदावर हृदयविकार किंवा न्यूमोनिया असे लिहिले जाते. थंडीचे नाव कोठेच येत नाही.

आता घराकडे वळू. आपल्या वाडवडिलांची धाब्याची घरे आपण मागासलेपणाची खूण म्हणून पाडली. त्या घरांचे दोष होते; पावसात ती गळत, भिंतींत विंचू निघत. पण हात-दीड हात जाडीची मातीची भिंत आणि वर मातीचेच धाबे यांत एक गुण होता. दिवसाची उष्णता भिंतीच्या आतल्या अंगाला पोहोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्रीचा गारठा आत येईपर्यंत सूर्य उगवे. आज आपण सहा-नऊ इंचांची वीट आणि वर सिमेंटची स्लॅब घालतो, आणि ज्याला तेही परवडत नाही तो पत्रा घालतो. पत्र्याला उष्णता साठवून ठेवणे ठाऊकच नाही. सूर्य मावळला की तासा-दोन तासांत तो आकाशाइतका गार होतो आणि पहाटे आतल्या बाजूने त्याला पाणी सुटते. खाली फरशी. अंथरूण फरशीवर असेल तर वरून तीन पांघरुणे घेतली तरी पाठ गारच राहते, कारण शरीराची उष्णता खालच्या दगडात जिरत असते. पुष्कळांना हे ठाऊक नसते की, थंडीत पांघरुणाइतकेच महत्त्व अंथरुणाला आहे. बाज किंवा खाट असेल तर उत्तम. पण तिच्या नवारीतून खालचा गारवा येतो, म्हणून तिच्यावरही जाड गोधडी हवीच. काहीच नसेल तर चटई, तीवर पोती, तीवर गोधडी, असे थर द्यावेत.

थर हा शब्द ध्यानात ठेवावा. ऊब कापडात नसते. ती कापडात अडकून पडलेल्या हवेत असते. स्थिर हवा उष्णतेला सहसा वाट देत नाही. आपल्या आजीने जुन्या लुगड्यांचे पाच-सहा पदर एकावर एक घालून बारीक टाक्यांनी गोधडी शिवली, तेव्हा तिने प्रत्येक पदरात हवेचा एक एक थर बंद करून ठेवला. लोकरीच्या धाग्याला मुळातच कुरळेपणा असतो, म्हणून घोंगडी इतकी उबदार. एक जाड कोट घालण्यापेक्षा तीन साधे कपडे एकावर एक घालावेत, ते याचसाठी. कपडा ओला झाला की हवेची जागा पाणी घेते आणि ऊब जाते. मुलाचे लंगोट किंवा घामाने भिजलेला गंजीफ्रॉक ताबडतोब बदलावा याचे कारण हेच.

दुसरी भट्टी आपल्या पोटात आहे. माणसाचे शरीर स्वतःच उष्णता निर्माण करते. आपण फक्त ती वाया जाऊ द्यावयाची नाही. हेमंत ऋतूत जठराग्नी प्रबळ असतो असे चरकसंहितेत सांगितले आहे, आणि आपल्या स्वयंपाकघराने ते केव्हाच ओळखले होते. बाजरीची भाकरी, कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, तिळाचे पदार्थ, तेलाचा हात सैल ठेवून केलेले भरीत, हे सारे आपले हिवाळ्याचे अन्न आहे. शक्य असेल त्याने म्हाताऱ्या माणसांना निजण्यापूर्वी काहीतरी गरम खाऊ-पिऊ घालावे. उपाशी पोटी शरीर तापत नाही. तहान लागत नाही म्हणून पाणी तोडू नये. ओठ-टाचा फुटतात त्याला कोरडी हवा कारण आहे, तेव्हा अंगाला तेल आणि टाचांना कोकमतेल लावावे. दारूने मात्र ऊब येत नाही. तिने कातडीतील रक्तवाहिन्या फुगतात, म्हणून अंग गरम झाल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात शरीराच्या आतली उष्णता बाहेर पडून जाते. थंडीच्या रात्री दारू पिऊन उघड्यावर निजलेला माणूस सकाळी उठत नाही, याचे कारण हेच.

येथपर्यंत सांगितले त्यात काही धोका नाही. धोका विस्तवापाशी सुरू होतो.

रावेर-यावल भागातील केळीचे बागाईतदार आज येथे आले असतील. पारा दहा-बारा अंशांच्या खाली उतरू लागला की केळीची वाढ खुंटते, पाने पिवळी पडतात, घड नीट निसवत नाही. म्हणून थंडीच्या रात्री हा शेतकरी झोपत नाही. विहिरीचे पाणी जमिनीपेक्षा कोमट असते, ते तो रात्री बागेला देतो. वाऱ्याच्या बाजूला ताट्या बांधतो, घडांना पिशव्या घालतो, आणि बांधावर ठिकठिकाणी काडीकचरा पेटवून धूर करतो. बागेत हे चालते. वर आभाळ मोकळे आहे, आणि केळ श्वास घेते तो माणसासारखा नव्हे. पण हीच युक्ती आपण घरात आणतो. दारे-खिडक्या लावतो, फटीत चिंध्या कोंबतो आणि मधोमध कोळशाची शेगडी ठेवतो.

माझ्या लहानपणी आमच्या घरी जे झाले ते असे. ताई पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. दिवस पौषाचे होते आणि त्या वर्षी हीव फार होते. बाळंतिणीची खोली म्हणजे माजघराच्या मागची लहानशी अंधारी खोली. तिची एकुलती एक खिडकी आजीने जुनी सतरंजी लावून बंद केली. रिवाजाप्रमाणे बाजेखाली शेगडी, त्यात लालबुंद निखारे, वर ओवा आणि बाळंतशेपा. आठवा-नववा दिवस असेल. रात्री गारठा वाढला म्हणून आईने शेगडीत आणखी कोळसे घातले आणि दार ओढून घेतले. पहाटे आजी लोणी-तेल घेऊन मालिश करायला गेली, तेव्हा ताई हाकेला ओ देईना. तिला उचलून ओसरीवर आणली. मोकळ्या वाऱ्यावर पडल्यावर घटकाभराने तिने डोळे उघडले, ओकारी केली, आणि डोके दोन्ही हातांनी धरून बसली. बाळ मात्र गेले होते. त्याचे गाल गुलाबी होते. झोपले आहे असेच वाटत होते.

गावाने सांगितले, बाळाला हीव बाधले. कोणी सटवाईचे नाव घेतले. आईने आणि आजीने मनाशी ठरविले की, शेक कमी पडला. म्हणून दोन वर्षांनी ताई पुन्हा आली तेव्हा त्याच खोलीत एकीच्या जागी दोन शेगड्या ठेवल्या. त्या वेळी उन्हाळा होता, दार दिवसरात्र सताड उघडे असे, म्हणूनच माझा भाचा वाचला. आमच्या शहाणपणाने नव्हे. पुढे मी कॉलेजात गेलो. रसायनाच्या पुस्तकात कार्बन मोनॉक्साईडचे प्रकरण वाचीत असताना लक्षणांच्या ओळीशी आलो: डोकेदुखी, ओकारी, गुंगी, कातडीवर गुलाबी छटा. त्या रात्री मला वाचन पुढे नेता आले नाही. ताईला मी हे सांगितले नाही, आईलाही नाही. आज त्या दोघी नाहीत. त्यांना सांगावयाचे होते ते आज आपणांस सांगत आहे.

या वायूचे कार्य समजून घेणे अवघड नाही. कोळसा पूर्ण जळण्यास भरपूर हवा लागते. कोंडलेल्या खोलीत ती कमी पडली की तो अर्धवट जळतो आणि हा वायू निर्माण होतो. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. रक्तातील ज्या द्रव्यावर प्राणवायू स्वार होऊन शरीरभर फिरतो, त्याला हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. माणूस श्वास घेत राहतो, पण आतून गुदमरतो. धुराच्या चुलीशी माणूस खोकतो, डोळे चोळतो आणि बाहेर पळतो. निखाऱ्याला धूर नसतो, म्हणून तो निर्मळ वाटतो. फसवणूक नेमकी येथेच आहे. निजलेल्या माणसाला तर गुंगी आली तरी कळत नाही. लहान मुलाचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद, म्हणून त्याच्या अंगात विषही लवकर भिनते.

हे केवळ आपल्या अडाणीपणाने घडते असे कोणी मानू नये. फ्रेंच कादंबरीकार एमिल झोला यांचे नाव आपण ऐकले असेल. पॅरिससारख्या शहरातील आपल्या घरात २९ सप्टेंबर १९०२ रोजी ते याच वायूने गेले. निजण्याच्या खोलीत कोळसा पेटविलेला होता आणि धुराडे तुंबलेले होते. त्यांच्या पत्नी वाचल्या. याच फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या शास्त्रज्ञाने हा वायू रक्तातील प्राणवायूची जागा बळकावतो, हे जवळजवळ पन्नास वर्षे आधी दाखवून दिले होते. प्रयोगशाळेतील ज्ञान निजण्याच्या खोलीपर्यंत पोहोचण्यास किती काळ लागतो, याचे हे उदाहरण आहे. ते अंतर तोडणे हेच व्याख्यानमालांचे काम. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकशिक्षणासाठीच.

आजच्या घरात शेगडी नसेल, पण न्हाणीघरात गॅसचा गिझर असतो. तेथेही न्याय तोच. कोंडलेल्या न्हाणीघरात गिझर पेटता ठेवून दार लावून आंघोळ करणारी तरुण माणसे आपल्या महाराष्ट्रात मेलेली आहेत. गिझर न्हाणीघराच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. ते जमत नसेल तर निदान झरोका कायम उघडा ठेवावा, बादली भरून घ्यावी, गिझर बंद करावा आणि मगच दार लावावे.

एखाद्या बंद खोलीतील माणसे एकदम डोके दुखते, मळमळते म्हणू लागली, किंवा उठेनाशी झाली, तर तर्क करीत बसू नये. दारे-खिडक्या सताड उघडाव्यात, विस्तव बाहेर न्यावा, माणसांना मोकळ्यावर आणावे आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. कांदा हुंगविण्यात वेळ घालवू नये. खरा उपाय प्राणवायू हाच, आणि तो रुग्णालयात मिळतो. करोनाच्या साथीपासून अनेक घरांत बोटाला लावून प्राणवायू मोजण्याचे लहान यंत्र आलेले आहे. त्यावर या प्रसंगी विसंबू नये. विषाने भरलेले रक्तही त्या यंत्राला लालच दिसते, आणि ते आकडा चांगला दाखविते.

आता कोणी माउली विचारील, “गुरुजी, शेगडी काढायला सांगता, मग बाळाला हीव वाजू द्यायचे का?” प्रश्न रास्त आहे. तान्ह्या बाळाला थंडी खरोखरच बाधते. त्याचे तापमान साडेछत्तीस ते साडेसदतीस अंशांत राहावे लागते. त्याला लागणारी ऊब मात्र आईपाशीच आहे. १९७८ साली दक्षिण अमेरिकेत कोलंबियाची राजधानी बोगोटा येथे रुग्णालयात कमी दिवसांच्या बाळांसाठी काचपेट्या अपुऱ्या पडू लागल्या. तेव्हा तेथील डॉक्टरांनी उघडे बाळ आईच्या उघड्या छातीशी, कांगारूच्या पिलासारखे, बांधून ठेवण्यास सुरुवात केली. आज ती पद्धत जगभर मान्य आहे. आपल्याच महाराष्ट्रात गडचिरोलीला डॉक्टर अभय आणि राणी बंग यांनी खेड्यांतील स्त्रियांना शिकवून घरच्या घरी नवजात बाळांची देखभाल करविली. बाळाला उबदार ठेवणे हा त्यातील एक भाग होता. १९९९ साली त्यांनी जाहीर केलेल्या निष्कर्षाप्रमाणे तेथील नवजात बालमृत्यू ६२ टक्क्यांनी घटले. त्यासाठी मोठी यंत्रे लागली नाहीत.

तेव्हा बाळाला पहिला दिवस आंघोळ घालू नये. कोरडे पुसावे, टोपडे घालावे, कारण लहान बाळाचे डोके अंगाच्या मानाने मोठे असते आणि तेथून उष्णता फार जाते. पायांत मोजे घालावेत, आईच्या कुशीत ठेवावे, दूध वारंवार पाजावे. हात लावून पाहावे. पोट गरम आणि तळपाय गार असतील तर ऊब कमी पडते आहे; पोटही गार लागले तर बाळाला छातीशी धरूनच दवाखाना गाठावा.

दुसरे जपावयाचे ते म्हातारे माणूस. वय झाले की थंडी वाजल्याचे कळणेही मंदावते. आजोबा “मला काही होत नाही” म्हणतात तेव्हा ते खोटे बोलत नसतात. त्यांना खरेच कळत नसते. शरीराचे तापमान ३५ अंशांखाली गेले की बोलणे जड होते, चाल अडखळते, माणूस गुंगल्यासारखा दिसतो. आपण म्हणतो म्हातारपण आले. अशा वेळी त्यांना ताबडतोब पांघरूण घालून डॉक्टरांना दाखवावे. पहाटे पाचला फिरायला जाण्याचा ज्यांचा नेम आहे त्यांनी हिवाळ्यात तो आठावर न्यावा. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात आणि हृदयावर ताण पडतो. शिवाय पहाटेच्या जड हवेत गावचा सगळा धूर खाली बसलेला असतो. मधुमेह असलेल्या माणसाच्या पायांना गरम पाण्याची पिशवी लावू नये. त्याला चटका कळत नाही, आणि सकाळी फोड दिसतो. अंथरूण आधी पिशवीने शेकून घ्यावे आणि माणूस निजताना ती काढावी. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ साली थंड ऋतू असणाऱ्या प्रदेशांसाठी घरात निदान १८ अंश तापमान असावे असे सांगितले आहे. आपल्याकडील पत्र्याच्या खोलीत पहाटे ते किती असते, हे भिंतीवर साधा तापमापक टांगून एकदा पाहावे.

विजेविषयी दोनच शब्द. बादलीत पाणी तापविण्याचा रॉड अनेक घरांत आहे. रॉड चालू असताना पाणी तापले का म्हणून बोट घालू नये. आधी बटण बंद, मग पिन बाहेर, मग हात. धातूची बादली वापरू नये, अर्थिंग तपासून घ्यावे, आणि झटका जीवघेणा ठरण्यापूर्वी वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-यंत्र बसवून घ्यावे. शेकोटीशी नायलॉनचा पदर आणि मफलरचे लोंबते टोक सांभाळावे. कपडे पेटलेच तर धावू नये. जमिनीवर आडवे पडून लोळावे. भाजल्यावर वीस मिनिटे साध्या वाहत्या पाण्याखाली धरावे. तूप, शाई, दंतमंजन काही लावू नये.

श्रोतेहो, हे सारे घर असलेल्यांसाठी झाले. ऊस तोडायला आलेल्यांच्या पाचटाच्या कोप्या, वीटभट्टीवरच्या झोपड्या, स्टेशनाच्या फलाटावर निजणारी माणसे आणि सातपुड्यातील पाडे यांनाही तोच हिवाळा असतो. कोपीत निजणाऱ्या बाईला मी कोणत्या तोंडाने सांगू की शेगडी आत घेऊ नकोस? तिच्याजवळ गोधडीच नसेल तर विस्तव हीच तिची गोधडी. म्हणून शेगडी बाहेर ठेवण्याचा उपदेश करणाऱ्याने आधी पांघरूण द्यावे. आपल्या प्रत्येकाच्या घरात माळ्यावर पडलेली एक तरी गोधडी, एक तरी स्वेटर आहे. तो जानेवारीत आठवतो, तोपर्यंत अर्धी थंडी सरलेली असते. तो दिवाळीपूर्वी द्यावा.

उन्हाळ्याचे दोन महिने अजून आपल्या हातात आहेत. या दिवसांत जुन्या लुगड्यांच्या गोधड्या शिवता येतील, पत्र्याखाली गवताचे किंवा कापडाचे छत घालता येईल, गिझर बाहेर काढता येईल. आणि ज्यांच्या घरी येत्या हिवाळ्यात पाळणा हलणार आहे, त्यांनी बाळंतिणीची खोली आजच जाऊन पाहावी. तिला खिडकी आहे का, आणि ती उघडते का, एवढेच. उघडत नसेल तर सुताराला बोलवावे. आमच्या घरातील त्या खिडकीवरची सतरंजी मी पुढे स्वतःच्या हाताने काढली. पण तोवर उशीर झाला होता.